मोटारभक्त किप्लिंग

एखाद्या युगाचें मन जाणून घ्यावयाचें असेल, तर त्या युगांतील तत्त्वज्ञांचे ग्रंथ आणि मुत्सद्द्यांचीं भाषणें वाचलीं पाहिजेत, असें सामान्यतः मानलें जातें. परंतु माणूस ज्या वस्तु रोज हाताळतो, ज्यांवर ऐपतीबाहेर खर्च करतो, ज्यांच्यापायीं मनस्ताप सोसतो आणि तरीहि ज्यांची स्तुति करतांना थकत नाहीं, त्या वस्तूंविषयींचें त्याचें रोजचें बोलणें ऐकलें, तर त्या युगाची ओळख कदाचित् अधिक लवकर पटते. मोटार ही अशीच एक वस्तु आहे. रस्ते वाईट आहेत, पोलीस विनाकारण अडवतात, पायीं चालणारे पाहून चालत नाहींत, आणि ज्याला आपल्या गाडीचें यंत्र समजत नाहीं त्यानें गाडी बाळगूं नये, — हीं मतें मोटारीची हौस असलेल्या कोणत्याहि गृहस्थाच्या तोंडून, कोणत्याहि शहरांत ऐकावयास मिळतात. तीं आजचीं नव्हत. मोटार रस्त्यावर आली त्याच वेळीं तींहि जन्मास आलीं. आणि तीं ज्यांनीं अगदीं आरंभीं ठासून मांडलीं, त्यांत एक असा लेखक होता कीं, ज्याचा जन्म मुंबईस झाला होता.

रडयार्ड किप्लिंगचें नांव मुलांना 'जंगल बुक'चा कर्ता म्हणून ठाऊक असतें, आणि थोरांना ब्रिटिश साम्राज्याचा भाट म्हणून. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत त्याचे वडील लॉकवुड किप्लिंग शिल्पकला शिकवीत असत; त्या शाळेच्या आवारांत ३० डिसेंबर १८६५ रोजीं त्याचा जन्म झाला. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें रस्त्यावरून चालणाऱ्या यंत्रगाड्यांना वेसण घालणारा एक कायदा संमत केला. १८ जानेवारी १९३६ रोजीं किप्लिंग वारला, तेव्हां मोटार हांकूं इच्छिणाऱ्या प्रत्येक नव्या इंग्रजास परीक्षा देणें सक्तीचें होऊन अवघे सात-आठ महिने लोटले होते. एका कायद्याच्या वर्षीं जन्म आणि दुसऱ्याच्या मागोमाग मृत्यु, अशा या आयुष्यांत मोटारयुगाचा आरंभापासूनचा सारा इतिहास सांपडतो. आणि या गृहस्थाला मोटारीचें अक्षरशः वेड असल्यानें तो त्याच्या लिखाणांत उमटलाहि आहे.

१८६५ चा तो कायदा मोटारीसाठीं नव्हता, कारण मोटार तेव्हां नव्हतीच. शेतीचीं यंत्रें आणि अवजड ओझीं ओढणारीं वाफेचीं प्रचंड इंजिनें रस्त्यांवर फिरूं लागलीं होतीं. त्यांनीं रस्ते खचत, पूल हादरत, घोडे बुजत. म्हणून पार्लमेंटनें ठरविलें कीं, अशा गाडीची गति गांवाबाहेर ताशीं ४ मैल व गांवांत ताशीं २ मैल यांहून अधिक असूं नये. तिजबरोबर तीन माणसें असावीं. आणि त्यांतील एकानें ६० यार्ड पुढें लाल निशाण घेऊन पायीं चालावें. १८७८ सालीं निशाणाची अट सैल झाली, पण पुढें चालणारा माणूस कायम राहिला. इकडे जर्मनींत १८८६ सालीं कार्ल बेंझनें आपल्या पेट्रोलच्या गाडीचें पेटंट घेतलें, फ्रान्समध्यें धनिकांत तिचा शौक पसरला, शर्यती झाल्या. आणि ज्या देशानें जगाला आगगाडी दिली, त्या इंग्लंडांत स्वयंचलित गाडीच्या पुढें कायद्याच्या दृष्टीनें अजून एक पादचारीच चालत होता.

मोटारभक्तांचा पहिला स्वभाव या कायद्यानें घडविला. कायदा मोडणें हेंच त्यांचें पहिलें काम होऊन बसलें. ५ जुलै १८९५ रोजीं इव्हलिन एलिस यानें आपली फ्रेंच बनावटीची गाडी मिचेलडेव्हर स्टेशनापासून डॅचेटपर्यंत ५६ मैल, पुढें कोणीहि माणूस न चालवितां, उघडपणें हांकीत नेली. बरोबर फ्रेडरिक सिम्स होता. वाटेंत १३३ घोडे भेटले आणि त्यांपैकीं फक्त दोन लहान तट्टें बिचकलीं, अशी नोंद त्यानें करून ठेवली. ही घोड्यांची मोजदाद म्हणजे केवळ गंमत नव्हे. कायद्याला दिलेलें तें उत्तर होतें. पुढें जानेवारी १८९६ मध्यें केंट परगण्यांत वॉल्टर आर्नोल्ड याला ताशीं ८ मैलांच्या वेगाबद्दल सायकलवरच्या शिपायानें पाठलाग करून पकडलें आणि अतिवेगाबद्दल एक शिलिंग दंड झाला. त्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा बदलला. मर्यादा ताशीं १४ मैल झाली, ती सरकारी मंडळानें १२ वर आणली. १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं, म्हणजे नवा कायदा अमलांत आला त्या दिवशीं, मोटारवाल्यांनीं लंडनहून ब्रायटनपर्यंत मिरवणूक काढली, आणि निघण्यापूर्वींच्या न्याहारीच्या वेळीं लॉर्ड विंचिल्सी यांनीं एक लाल निशाण समारंभपूर्वक फाडलें.

या आनंदाच्या तीनच महिने आधीं, १७ ऑगस्ट १८९६ रोजीं, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेंत ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची ४४ वर्षांची स्त्री मोटारीखालीं सांपडून मरण पावली होती. पेट्रोलच्या मोटारीनें ब्रिटनमध्यें पायीं चालणाऱ्याचा घेतलेला हा पहिला बळी. पंचांनीं अपघाती मृत्यूचा निर्णय दिला, आणि असें पुन्हा कधीं न घडो अशी आशा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें व्यक्त केली, असें सांगितलें जातें. निशाण फाडणाऱ्या मंडळींच्या कानांवर ही वार्ता आली नसेल असें नाहीं. पण नव्या वस्तूच्या भक्तांस तिचे बळी अपवाद वाटतात, आणि तिचे उपकार नियम वाटतात.

किप्लिंगला ही दीक्षा ऑक्टोबर १८९९ मध्यें मिळाली. 'डेली मेल' पत्राचा मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ हा त्याला भेटावयास समुद्रकांठच्या रॉटिंगडीन गांवीं मोटारींतून आला, आणि किप्लिंग पतिपत्नींना त्यानें वीस मिनिटांचा फेरफटका करविला. दोघेंहि धुळीनें पांढरीं होऊन आणि आवाजानें बधिर होऊन परतलीं. परंतु तेवढ्यानें काम झालें. लौकरच किप्लिंगनें हांकणाऱ्यासह एक मोटार भाड्यानें घेतली. आठवड्याचें भाडें साडेतीन गिनी, आणि वेग, गाडीची मर्जी असेल तेव्हां, ताशीं ८ मैल. १९०१ सालीं त्यानें अमेरिकन बनावटीची लोकोमोबाइल घेतली. ही वाफेवर चालणारी हलकी गाडी होती. बसण्याच्या जागेखालीं बंब, त्याखालीं ज्योत. दर थोड्या मैलांवर पाणी भरावें लागे, जोराचा वारा सुटला कीं ज्योत विझे, आणि चढावर वाफ संपे. त्यानंतर बर्मिंगहॅमच्या लँचेस्टर बंधूंची पेट्रोलची गाडी आली. फ्रेडरिक लँचेस्टर हा अव्वल दर्जाचा यंत्रशास्त्रज्ञ. त्याच्या गाडींत नव्या कल्पना पुष्कळ होत्या, आणि त्या कल्पनांची परीक्षा बहुधा गिऱ्हाइकाच्या प्रवासांतच होत असे. किप्लिंग तक्रारीच्या तारा पाठवी आणि पुन्हा त्याच गाडींतून निघे. मोटारीवर आपली प्रीति बसली ती तिच्यापायीं सोसलेल्या यातनांमुळें, असें त्यानें पुढें सांगितलें आहे. हें वचन हौशी माणसाच्या अंतःकरणाचा ठाव घेणारें आहे. जी वस्तु कधीं बिघडत नाहीं तिचा माणूस उपयोग करतो. जी बिघडते आणि दुरुस्त होते, तिच्याशीं त्याचें नातें जडतें.

एवढें वेड असूनहि किप्लिंग स्वतः गाडी हांकीत नसे. नोकरीला चालक असे. मालक शेजारीं अगर मागें बसून रस्ता, नकाशा आणि यंत्राचा आवाज यांकडे लक्ष देई. आज हें चमत्कारिक वाटेल. पण त्या काळीं मोटार ठेवणें हें घोडागाडी ठेवण्यासारखें होतें, आणि चालकानें केवळ हांकावयाचें नसून वाटेवर लोहाराचें, सुताराचें आणि यंत्रज्ञाचेंहि काम करावयाचें असे. यामुळेंच किप्लिंगच्या मोटारकथांत खरा नायक मालक नसतो. यंत्राला हात लावतांच त्याची नाडी ओळखणारा कारागीर तेथें नायक असतो. १९०२ सालच्या 'स्टीम टॅक्टिक्स' या कथेंत आरमारांतील इंजिन-खात्याचा हिंचक्लिफ हा हट्टी वाफेची गाडी वळणावर आणतो, तेव्हां कथाकार त्याच्याकडे जवळजवळ भक्तिभावानें पाहतो. यंत्रयुगांत प्रतिष्ठा कोणाला असावी, याचें किप्लिंगचें उत्तर येथें मिळतें: ज्याच्या हातांत काम आहे त्याला.

मोटारीनें किप्लिंगच्या संसारावर केलेला परिणाम एका घराच्या व्यवहारांत दिसतो. ससेक्सच्या एका खोऱ्यांत, १६३४ सालीं बांधलेलें 'बेटमन्स' नांवाचें दगडी घर त्यानें मोटारींतून हिंडतांना पाहिलें आणि १९०२ सालीं ३३ एकर जमिनीसह ९,३०० पौंडांस विकत घेतलें. स्टेशन सुमारें चार मैलांवर, मध्यें मोठा चढ. त्या चढावर आपल्या घोड्यांच्या दोन जोड्या कामास आल्या, तेव्हां तुम्ही काय करणार, असें विकणाऱ्यानें विचारलें. किप्लिंगनें दाराशीं उभ्या असलेल्या यंत्राकडे बोट दाखविलें. असलीं यंत्रें फार दिवस टिकावयाचीं नाहींत, असा शेरा त्या गृहस्थानें मारला. आणि वर्षांनंतर पुन्हा भेट झाली तेव्हां, हें आधीं कळतें तर दुप्पट किंमत मागितली असती, अशी कबुलीहि दिली. तीन वर्षांच्या आंत रेल्वे-स्टेशनाचा या कुटुंबाशीं संबंध उरला नाहीं. जमिनीची किंमत स्टेशनापासूनच्या अंतरावर ठरण्याचा काळ संपत आला होता. पुढें गांवोगांव, देशोदेशीं जें घडलें, त्याचें सूत्र या लहानशा संभाषणांत आहे.

मोटारीविषयीं किप्लिंगचें सर्वांत विचारपूर्वक लिहिलेलें मत १९०४ सालच्या एका पत्रांत आढळतें. फिल्सन यंग याच्या 'द कंप्लीट मोटरिस्ट' या पुस्तकांत तें छापलेलें आहे. त्याचा आशय असा कीं, मोटारीचा मुख्य उपयोग म्हणजे इंग्लंडचा शोध लावणें. आगगाडी माणसाला एका स्टेशनावरून उचलते आणि दुसऱ्यावर टाकते. मधला देश खिडकींतून पळतांना दिसतो. मोटार त्याच देशाच्या अंगणांतून जाते. पेट्रोल भरावयास निघालें तरी वाटेंत जुन्या इतिहासांतली एखादी जागा लागते. एका दुपारीं माणूस अनेक शतकें ओलांडतो. एच्. जी. वेल्सची कालयंत्राची कादंबरी १८९५ सालीं प्रसिद्ध झाली होती. किप्लिंगनें तेंच रूपक दाराशींच्या मोटारीला लावलें. त्याच पत्रांत तो आणखी एक हक्क सांगतो. यंत्र पूर्णावस्थेस पोंचल्यावर तें विकत घेणें कोणासहि जमेल. परंतु अपुऱ्या, खोडकर यंत्रांना रस्त्यावर रेटून ज्यांनीं त्यांस पूर्णत्व आणिलें, आणि ज्यांना जग वेडे म्हणत होतें, त्यांचे पुतळे उभारले पाहिजेत. प्रत्येक नव्या यंत्राचा पहिला गिऱ्हाईक हें समर्थन आजहि करतो, आणि त्यांत तथ्य नाहीं असें म्हणवत नाहीं.

पण ज्या रस्त्यावरून हा शोध चालला होता, त्या रस्त्यावर झुडपाआड एक शिपाई घड्याळ घेऊन बसला होता. १९०३ चा मोटार कायदा १ जानेवारी १९०४ पासून अमलांत आला. प्रत्येक गाडीस क्रमांक आणि हांकणाऱ्यास पांच शिलिंगांचा परवाना लागूं झाला. परीक्षा मात्र नव्हती. वेगाची मर्यादा ताशीं २० मैल ठरली. तिची अंमलबजावणी अशी: रस्त्याचा एक फर्लांग, म्हणजे २२० यार्ड मोजावयाचे, दोन्ही टोकांस शिपाई लपवावयाचे, आणि घड्याळ लावावयाचें. २० मैलांच्या वेगानें हा फर्लांग साडेबावीस सेकंदांत संपतो. म्हणजे घड्याळाची कळ दाबण्यांत एका सेकंदाची चूक झाली, तर वेगांत जवळजवळ एक मैलाचा फरक पडणार. मोटारवाल्यांचा संताप येथून उसळला. शिपायाचें घड्याळ खोटें, मॅजिस्ट्रेट घोड्यांचा शौकीन, आणि दंडाच्या पैशावर परगण्याचा डोळा, अशी त्यांची तिहेरी तक्रार होती. २९ जून १९०५ रोजीं लंडनच्या एका उपाहारगृहांत 'ऑटोमोबाइल असोसिएशन' स्थापन झाली, तिचा मूळ हेतु सायकलस्वार ठेवून सभासदांस अशा सांपळ्यांची सूचना देणें हाच होता. १९१० सालीं न्यायालयानें अशी सूचना हा पोलिसांच्या कामांत अडथळा ठरविला. तेव्हां असोसिएशननें युक्ति काढली: तिचा माणूस सभासदाच्या गाडीस नेहमीं सलाम करी, ज्या दिवशीं सलाम मिळाला नाहीं, त्या दिवशीं सभासदानें समजावें कीं पुढें कांहीं तरी आहे. न केलेल्या सलामाबद्दल कोणतें न्यायालय शिक्षा करणार?

किप्लिंगनें हा संताप दोन कथांत ओतला आहे. 'स्टीम टॅक्टिक्स'मध्यें साध्या वेषांतील शिपाई गाडी अडवितो, तेव्हां मंडळी त्यालाच गाडींत घालून मैलोगणती नेतात आणि परदेशी जनावरें पाळलेल्या एका खासगी उपवनांत रात्रीं सोडून देतात. ही थट्टा झाली. दुसरी कथा 'पृथ्वी सपाट असल्याचा कौल देणारें गांव' ही १९१३ च्या सुमारास लिहिली गेली आणि १९१७ सालीं प्रसिद्ध झाली. तिचा नूर निराळा आहे. हकली नांवाच्या खेड्यांत अतिवेगाबद्दल दंड झालेले कांहीं पत्रकार, एक पार्लमेंटचा सभासद आणि नाटकशाळांचा एक बडा मालक हे एकत्र येऊन त्या गांवाचा सूड घेतात. त्यांचीं शस्त्रें म्हणजे वृत्तपत्रांतील खोडसाळ मजकूर, रंगभूमीवरील गाणें, ध्वनिमुद्रिका. पृथ्वी सपाट आहे असा ठराव बनावट सभेंत गांवाकडून करवून घेतला जातो, त्यावरचें गाणें साऱ्या जगाच्या तोंडीं बसतें, आणि शेवटीं पार्लमेंटच्या सभागृहांतहि तेंच गायिलें जाऊन गांवचा मॅजिस्ट्रेट पार खचतो. कथेच्या उत्तरार्धांत हा सूड सूड घेणाऱ्यांच्याहि हाताबाहेर गेलेला दिसतो. मोटारीच्या वेगापेक्षां वार्तेचा वेग किती भयंकर असतो, हें मोटारीच्या भांडणावरून निघालेल्या या कथेंत किप्लिंगनें दाखविलें. वीस मैलांची मर्यादा ज्यांना जाचली, त्यांच्या छापखान्यावर मात्र कोणतीच मर्यादा नव्हती. आज एखाद्या गांवाची वा माणसाची एका दिवसांत जगभर चेष्टा होते, तेव्हां ही कथा जुनी वाटत नाहीं.

तथापि हकलीच्या गांवकऱ्यांची बाजू तिच्यांत नाहीं, आणि खऱ्या इंग्लंडांतील खेड्यांना बाजू होती. त्या काळचे रस्ते खडी आणि मुरूम दाबून केलेले असत. घोड्याच्या नालांनीं आणि लोखंडी धांवांनीं ते दाबले जात. मोटारीचें हवेचें टायर उलट त्यांतील बारीक माती शोषून वर उधळी. रस्त्याकडेच्या घरांना उन्हाळ्यांत खिडक्या उघडतां येईनात; वाळत घातलेले कपडे, बागा, दुकानांतील माल, सर्वांवर पांढरा थर बसे. कोंबड्या आणि कुत्रीं मरत. अंगणासारख्या वापरल्या जाणाऱ्या रस्त्यावरून मुलांना आंत बोलवावें लागे. १९०४ सालीं साऱ्या ब्रिटनमध्यें खासगी मोटारी सुमारें साडेआठ हजार होत्या. म्हणजे फार थोड्यांच्या हौसेची धूळ फार मोठ्या समाजाच्या नाकातोंडांत जात होती. उपाय निघाले ते डांबराचे; १९०२ सालीं एडगर हूली यानें डांबर-खडीच्या मिश्रणाचें पेटंट घेतलें, आणि १९०९ च्या अंदाजपत्रकांत लॉइड जॉर्ज यांनीं पेट्रोलवर गॅलनमागें तीन पेन्स व गाडीवर अश्वशक्तीप्रमाणें कर बसवून त्यांतून रस्ते सुधारण्याची तजवीज केली. धूळ उडविणाऱ्यानेंच ती बसविण्याचा खर्च द्यावा, हें तत्त्व न्याय्य होतें. मोटारवाल्यांनीं कराविरुद्ध गिल्ला केला आणि गुळगुळीत रस्त्यावरून ते आनंदानें अधिक जोरांत गेले.

किप्लिंगच्या वृत्तींतील विसंगति येथें नजरेस येते. रस्त्यावरील शिपायाचा अधिकार त्याला जुलूम वाटे. पण हिंदुस्थानांतील अधिकाऱ्यांच्या कठोरपणाचा तो पुरस्कर्ता होता. जालियनवाला बागेंतील १९१९ च्या कत्तलीनंतर जनरल डायरसाठीं 'मॉर्निंग पोस्ट' पत्रानें १९२० सालीं निधि उभारला, त्यांत त्यानें दहा पौंड दिले. स्वतःस झालेला दंड ज्याला अन्याय वाटला, त्याला दुसऱ्यांवर झालेला गोळीबार कर्तव्य वाटावा, हें केवळ एका लेखकाचें वैगुण्य नव्हे. सत्तेच्या बाजूस बसून जगाकडे पाहण्याची संवय ज्यांना जडते, त्यांना स्वातंत्र्य म्हणजे स्वतःचें स्वातंत्र्य एवढेंच दिसूं लागतें. आणि मोटारीच्या आसनावर ही संवय फार लवकर जडते. पण याच लेखकानें १९०४ सालीं 'दे' ही कथाहि लिहिली. तींत वाट चुकलेला मोटारस्वार एका अंध बाईच्या घरीं पोंचतो, आणि खेड्यांतील एक तान्हें मूल आजारी पडतें तेव्हां त्याचीच गाडी डॉक्टर आणि परिचारिका शोधीत परगणाभर धांवते. मूल वांचत नाहीं. किप्लिंगची थोरली मुलगी जोझेफीन १८९९ सालीं सहाव्या वर्षीं वारली होती, हें ठाऊक असलेल्या वाचकाला त्या धांवपळींतील व्याकुळता वेगळी सांगावी लागत नाहीं. वेगाचें याहून चांगलें समर्थन कोणी केलें नसेल, आणि वेगाची मर्यादाहि याहून स्पष्टपणें कोणी दाखविली नसेल.

१९११ पासून किप्लिंगच्या घरीं रोल्स-रॉइस आली आणि यातनांचें पर्व संपलें. त्याच वर्षीं मँचेस्टरला फोर्डचा कारखाना सुरू झाला. मोटार सामान्यांच्या वाटेस लागली. १९१४ पर्यंत ब्रिटनमधील खासगी मोटारी १ लक्ष ३२ हजारांच्या घरांत गेल्या. मग महायुद्ध आलें. किप्लिंगचा एकुलता मुलगा जॉन सप्टेंबर १९१५ मध्यें लूसच्या लढाईंत नाहींसा झाला. त्याला अठरा वर्षें नुकतींच पुरीं झालीं होतीं. देह बापाच्या हयातींत मिळाला नाहीं. १९१७ सालीं किप्लिंग युद्धांतील थडग्यांची व्यवस्था पाहणाऱ्या राजकीय मंडळाचा सभासद झाला. आणि युद्ध संपल्यावर, ज्या माणसानें मोटारीचें प्रयोजन इंग्लंडचा शोध असें सांगितलें होतें, तो फ्रान्समध्यें मोटारींतून एका दफनभूमीहून दुसरीस जाऊं लागला. पांढऱ्या शिळांच्या रांगा, त्यांवरचीं नांवें, आणि नांव नसलेल्या शिळा. १९२५ सालीं अशाच एका दौऱ्यांत, रूआंची दफनभूमि पाहून आल्यावर, त्यानें 'द गार्डनर' ही कथा लिहावयास घेतली. एका थडग्याच्या शोधांत निघालेल्या स्त्रीची ती कथा आहे. कालयंत्र तेंच होतें. पण आतां तें रोमन काळापर्यंत जात नव्हतें. दहा वर्षांपूर्वींच्या एका दिवसापाशीं येऊन तें थांबत होतें.

इकडे रस्त्यांवर निराळींच थडगीं तयार होत होतीं. १९३० च्या कायद्यानें मोटारभक्तांची जुनी मागणी मान्य केली: बहुतेक मोटारींवरील वेगमर्यादा रद्द झाली. समंजस चालकाला मर्यादा नको आणि बेपर्वा चालकाला ती पुरत नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद असे. १९३४ सालीं ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं. मंत्री हॉर-बेलिशा यांना पादचाऱ्यांसाठीं रस्ता ओलांडण्याच्या जागा दाखवाव्या लागल्या; मार्च १९३५ पासून वस्तींतून ताशीं ३० मैलांची मर्यादा परत आली; आणि १ जूनपासून चालकाची परीक्षा सक्तीची झाली. चाळीस वर्षांचा वाद फिरून मूळ मुद्द्यावर आला होता. रस्ता कोणाचा, हा तो मुद्दा. मोटारभक्तानें त्याचें उत्तर पुष्कळदां आपल्या आसनावरून दिलें. कायद्याला तें पायीं चालणाऱ्याच्या उंचीवरून द्यावें लागलें.

त्यानंतरचा हिशेब उद्बोधक आहे. ब्रिटनमध्यें आज चार कोटींहून अधिक वाहनें आहेत, आणि २०२३ सालीं रस्त्यावरील मृत्यु सुमारें १,६०० होते. वाहनें अनेक पटींनीं वाढूनहि मृत्यु चौथ्या हिश्श्याहूनहि खालीं आले, ते मोटारीवर बहिष्कार घालून नव्हे. मर्यादा, परीक्षा, रस्त्यांची रचना, आसनपट्टे आणि मद्याची तपासणी यांनीं. म्हणजे ज्या ज्या गोष्टींस मोटारभक्त एके काळीं जाच म्हणत, बहुधा त्या त्या गोष्टींनीं. हिंदुस्थानांत २०२२ या एका वर्षीं रस्त्यांवर १ लक्ष ६८ हजारांहून अधिक माणसें मरण पावलीं. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांतून रस्ते, पोलीस आणि वेग यांविषयीं जीं मतें रोज व्यक्त होतात, त्यांच्या शेजारीं हा आंकडा ठेवून पाहावयास हवा. किप्लिंगला वाटलेला शोधाचा आनंद खरा होता, कारागिराविषयींचा त्याचा आदर योग्य होता, अपुऱ्या यंत्राची साथ करणाऱ्यांचें कौतुकहि योग्य होतें. चुकला तो एका ठिकाणीं: रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक त्याला बहुधा देखाव्याचा भाग वाटले.

किप्लिंगच्या पत्नीनें १९३९ सालीं आपल्या मृत्यूसमयीं 'बेटमन्स' हें घर राष्ट्रीय विश्वस्त संस्थेस दिलें. त्याची १९२८ ची रोल्स-रॉइस तेथील गाडीखान्यांत अजून उभी आहे. घर पाहावयास दूरदूरचे लोक येतात, आणि त्यांतील बहुतेक मोटारींतूनच येतात. स्टेशन अजूनहि सुमारें चार मैलांवर आहे. आणि पूर्वींच्या मालकाचे घोडे ज्यावर थकत असत तो चढहि तेथेंच आहे.